टमी टक : टेबलावरचे तीन तास, घरातले सहा आठवडे

सोलापूरच्या कुठल्याही प्लॅस्टिक सर्जनच्या ओपीडीत तासभर बसा. भाजलेल्या हाताचं ड्रेसिंग करायला आलेला मुलगा, यंत्रमागात बोट सापडलेला कामगार, गाडीवरून पडून ओठ फाटलेला तरुण, आणि त्यांच्यातच पदर पोटावर ओढून बसलेली चाळिशीतली एखादी बाई. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, पलीकडे इंडी-विजापूर, सगळीकडचे पेशंट उपचाराला या शहरात येतात. ही बाई बहुतेक वेळा दोन-तीन बाळंतपणं झालेली, नोकरी किंवा दुकान सांभाळणारी असते. चालणं झालं, रात्रीचं जेवण सोडून झालं, वजन उतरलं. पोट तेवढं तसंच राहिलं. हे घरात बोलायचीसुद्धा तिला चोरी असते, कारण ‘या वयात हे कसले शौक’ हे वाक्य कुणाच्या तरी तोंडात तयारच असतं.

माझी धाकटी जाऊ अशीच वर्षानुवर्षं गप्प होती. शाळेत उभ्यानं शिकवताना तिची कंबर भरून यायची. सिझरच्या टाक्यावर कातडीची घडी पडायची, आणि एप्रिल-मेमध्ये घाम मुरून त्या घडीतली कातडी सोलवटायची. तिच्याबरोबर मी तपासणीला गेले, ऑपरेशनच्या वेळी थांबले, पुढं घरी तिचं सगळं पाहिलं. या ऑपरेशनची चर्चा होते ती ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन फोटोंवरून. पेशंटला ज्याची तयारी करायची असते, ते सगळं त्या दोन फोटोंच्या मधल्या काळात घडतं. त्या काळाबद्दल नीट सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तपासणीला फार वेळ लागला नाही, पण ऑपरेशन कशाचं आहे ते मला तिथंच कळलं. सर्जननी तिला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले आणि म्हणाले, “ताई, हात न टेकता नुसती मान उचला.” तिनं मान उचलली तसा बेंबीच्या वर, पोटाच्या मधोमध एक उभा उंचवटा आला. त्यावर त्यांनी बोटं ठेवून दाबली. तीन बोटं सहज आत बसली. “दोन्ही बाजूंच्या स्नायूंमधलं हे अंतर. गरोदरपणात ताणलं गेलं, ते परत मिटलंच नाही.”

छातीपासून ओटीपोटापर्यंत पुढून दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधून एक पांढरा चिवट पट्टा जोडतो. हा पट्टा ताणून साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा रुंद झाला, की स्नायू फाकले असं म्हणतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ जणींचं हे अंतर आपोआप कमी होतं, आणि फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकलेल्या व्यायामानं आणखी फरक पडतो. त्यामुळं ऑपरेशनचा विचार करण्याआधी निदान सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. आपल्याकडं बाळंतिणीचं पोट बांधतात. त्यानं कमरेला आधार मिळतो, बरं वाटतं. पण सैल पडलेली कातडी त्यानं आवळत नाही.

टमी टक म्हणजे जास्तीची कातडी व चरबी काढणं आणि फाकलेले स्नायू शिवून जवळ आणणं. वजन उतरवायचा हा मार्ग नव्हे. आतड्यांभोवती साठलेल्या चरबीला हे ऑपरेशन हातही लावत नाही. म्हणून वजन आधी उतरवून काही महिने स्थिर ठेवायला लावतात. पुढं मूल हवं असेल तर थांबा म्हणतात, कारण नव्या गरोदरपणात शिवलेलं सगळं पुन्हा ताणलं जातं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीख देत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगावं लागतं, कारण त्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो.

सोलापुरात याहून महत्त्वाचा प्रश्न तंबाखूचा आहे. “सिगारेट ओढता का?” असं विचारलं तर आपल्या बायका “नाही” म्हणतात, आणि ते खरंच असतं. मिश्रीचं काय, हे वेगळं विचारावं लागतं. या ऑपरेशनमध्ये पोटाची कातडी खालच्या थरापासून मोठ्या भागात सोडवतात. त्यानंतर ती फक्त बाजूंनी येणाऱ्या रक्तावर जगते. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि सगळ्यात लांब असलेला बेंबीखालचा मधला भाग काळा पडून मरू शकतो. म्हणून तंबाखू कुठल्याही रूपात किमान चार आठवडे आधी आणि तेवढेच दिवस नंतर बंद. विड्या वळणाऱ्या हजारो बायका या शहरात आहेत. तंबाखूची धूळ त्यांच्या नाकातोंडात जाते, हाताच्या कातडीतूनही निकोटिन अंगात शिरतं. हे काम करत असाल तर ते सर्जनना आपणहून सांगा.

ऑपरेशनच्या सकाळी खुणा उभ्यानं करतात, कारण झोपलं की पोट पसरतं आणि खरी घडी कुठं पडते ते दिसत नाही. मार्करनं आधी मधली उभी रेघ आली, मग सिझरच्या जुन्या व्रणाच्या खालून एका कंबरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी आडवी रेघ. जावेची नेहमीची साडी कुठं बसते ते विचारून रेघ त्याच्या खाली घेतली. टाक्याची खूण लांब असते. कंबरेपासून कंबरेपर्यंत, आणि कायमची. ती मान्य नसेल तर या वाटेला जाऊ नये.

पूर्ण भूल देऊन हे काम साधारण दोन ते चार तास चालतं. कातडी आणि चरबीचा थर बरगड्यांपर्यंत सोडवतात, स्नायू उभ्या टाक्यांनी जवळ आणतात, थर खाली ओढून जास्तीचा भाग कापतात. बेंबी मात्र आपल्या देठासकट जागच्या जागी राहते. खाली ओढलेल्या कातडीला नवं भोक पाडून ती त्यातून बाहेर काढून शिवतात. बेंबीखालचाच भाग सैल असेल तर छोट्या छेदाचं ‘मिनी’ ऑपरेशन पुरतं, त्यात बेंबीला सहसा हात लावत नाहीत. लोंबणारं पोट कापण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली होती. बेंबी जपणं, स्नायू शिवणं, व्रण कपड्याखाली लपेल इतका खाली नेणं, हे पुढच्या शतकात हळूहळू रुजलं.

शुद्धीवर आल्यावर पलंग डोक्याकडून उचललेला आणि गुडघ्याखाली उशा, अशा अवस्थेत पेशंट असतो. पोटाला ताण बसू नये म्हणून. जाऊ म्हणाली, “अक्का, पोट कुणीतरी आवळून धरलंय.” ते खरंच आवळलेलं होतं. स्नायू शिवल्यामुळं पहिले दोन-तीन दिवस दुखणं जास्त असतं, आणि खोकला आला की जीव जातो. उशी पोटाशी घट्ट धरून खोकायचं हे सिस्टरनी शिकवलं. त्यांनीच तिला पहिल्या चोवीस तासांत उठवून, कमरेत वाकलेल्या अवस्थेत, खोलीत चालायला लावलं. हे पाहून आमच्या सासूबाई कळवळल्या. पण हे चालणं टाळायचं नसतं. पडून राहिलं तर पोटरीच्या शिरांत रक्त गोठतं, ती गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. या ऑपरेशनचा सगळ्यात गंभीर धोका हाच.

घरी येताना तिच्या अंगाला दोन नळ्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला दाबून बसवलेला प्लॅस्टिकचा फुगा. सोडवलेल्या थराखाली पाणी साचतं, ते या नळ्यांतून बाहेर येतं. सकाळी हात धुवायचे, झाकण उघडायचं, मापाच्या भांड्यात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा, फुगा दाबून पुन्हा बंद करायचा. आधी लालभडक, मग गुलाबी, मग पिवळसर. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतात. बहुतेकांना एक-दोन आठवडे लागतात. नळी निघाल्यावरही पाणी साचू शकतं. ही सर्वांत जास्त आढळणारी अडचण आहे. सर्जन ते सुईनं ओढून काढतात, कधी कधी दोन-चार वेळा.

पहिले दहा-पंधरा दिवस माणूस सरळ उभं राहत नाही. सरळ व्हायची घाई केली तर टाक्यांवर ताण येतो. खाली बसायचं नाही, म्हणजे भारतीय पद्धतीचा संडास बंद. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि जोर तर करायचा नाही, म्हणून पाणी, फळं आणि सांगितलेलं औषध. दुचाकी तीन-चार आठवडे बंद. मागं बसणंही नको, आपल्या रस्त्यांवरचा एक खड्डा पुरतो. लांबून आलेल्या पेशंटनं पहिल्या आठवड्यात शहरातच राहावं. शंभर किलोमीटर एकाच जागी बसून जाणं पायातल्या रक्तालाही बरं नाही.

आणि सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. डिस्चार्जच्या कागदावर ही एक ओळ असते. सोलापूरच्या घरात तिचा अर्थ फार मोठा आहे. इथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं. आलं की घरातली बाई जागेवरून उठते, पिंप, बादल्या, कळश्या, हंडे भरायला घेते. भरलेला हंडा दहा-पंधरा किलोचा सहज होतो. आमच्याकडं एका पाण्याच्या दिवशी नळीचा आकडा घसरत आलेला असताना एकदम वाढला. विचारल्यावर जाऊ म्हणाली, “दोनच कळश्या उचलल्या, अक्का. कुणी नव्हतं ना जवळ.” टाके शाबूत होते, पण नळी आणखी काही दिवस राहिली. भाकऱ्या थापताना वाकणं, झोपलेलं मूल उचलून आत नेणं, हेही त्याच ओळीत येतं.

पोटाचा पट्टा चार ते सहा आठवडे जवळजवळ दिवसरात्र लागतो. ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात तो घालणं म्हणजे शिक्षा, आणि घामानं जखमेची निगाही बिघडते. जमत असेल तर दिवाळीनंतरचा काळ धरावा. दोन पट्टे घ्यावेत, आतून सुती बनियन घालावा.

चौथ्या-पाचव्या दिवशी जाऊ आरशासमोर रडली. पोट सुजलेलं, काळंनिळं, कंबर वाकलेली. “कशाला केलं मी हे?” अशी वेळ पुष्कळ पेशंटवर येते. सूज उतरायला तीन ते सहा महिने लागतात, व्रण फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष. बेंबीखालची कातडी कित्येक महिने बधिर राहते; म्हणून तिथं गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका, चटका बसलेला कळत नाही. धोक्याच्या खुणा मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. ताप, वाढती लाली, पू, पोटाची एक बाजू अचानक फुगणं, कातडी काळी पडणं, असं काही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन. एक पोटरी सुजून दुखली, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर घरी वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात.

ऑपरेशन कोण करणार, हे विचारायला संकोच नको. प्लॅस्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का, भूलतज्ज्ञ कोण, रात्री अडचण आली तर अतिदक्षता विभाग कुठं, हे प्रश्न कुठलाही चांगला डॉक्टर शांतपणे ऐकतो. महाराष्ट्रात या शास्त्राची परंपरा मोठी आहे. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लॅस्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. पात्र माणूस शोधला तर सापडतो. खर्च लेखी घ्या, त्यात पट्टा, औषधं, तपासण्या आणि पुन्हा काही करावं लागलं तर त्याचे पैसे धरलेत का ते पाहा. आरोग्यविमा दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला पैसे देत नाही. बरोबर हर्निया असेल तर त्या भागाबद्दल कंपनीला आधी लेखी विचारा.

जाऊ आता शाळेत पूर्वीसारखी शिकवते, घडीतली कातडी सोलवटणं थांबलं. तिला झालेला फायदा खरा आहे, आणि त्यासाठी सोसलेलंही खरं आहे. हे ऑपरेशन तातडीचं कधीच नसतं, ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट. म्हणून तारीख घेण्याआधी नवऱ्याला, सासूला, जावेला समोर बसवून विचारा, सहा आठवडे हंडा कोण उचलणार? “बघू, होईल” हे उत्तर धरू नका. आठवड्यागणिक माणसाचं नाव ठरलं की दवाखान्यात जा. ठरत नसेल तर पुढच्या वर्षी करा.