चिखलातली शर्यत उतारावर ठरते

रस्त्यावरची हाफ मॅरेथॉन दोन तासांत संपवणारा धावपटू पहिल्यांदा पावसाळी डोंगरी शर्यतीचा फॉर्म भरतो तेव्हा त्याचा हिशेब पक्का असतो. पंचवीस किलोमीटर, म्हणजे फार तर अडीच तास. डोंगर आहे, चिखल आहे, तर धरा अजून अर्धा तास. प्रत्यक्षात स्वारी पाच तासांनी उगवते. बुटांचा मूळ रंग ओळखू येत नाही, हाफ पँटच्या मागच्या बाजूला लाल मातीचा शिक्का बसलेला असतो आणि तोंडातून पहिलं वाक्य निघतं ते बहुतेक वेळा हेच: ‘चढ ठीक होता हो, उतारानं वाट लावली.’

हिशेब कुठे चुकतो? डोंगरात अंतर आडवं मोजून भागत नाही, उभंही मोजावं लागतं. विल्यम नाईस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच यासाठी एक नियम बांधून दिला होता: दर तीन मैलांना एक तास आणि शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आजच्या ट्रेल शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना याहून सोपा आकडा वापरते. शंभर मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा एक किलोमीटर धरायचा. पंचवीस किलोमीटरच्या वाटेत एकूण १२०० मीटर चढ असेल तर ती शर्यत कष्टाच्या मापात सदतीस किलोमीटरची झाली. म्हणून जाणता ट्रेल रनर फॉर्मवर आधी अंतर बघत नाही, ‘एलेव्हेशन गेन’ बघतो. या दोन्ही गणितांत चिखल मात्र धरलेलाच नाही.

चढाबद्दल एक गैरसमज आधी दूर करू. चढावर चालणं म्हणजे हार मानणं नव्हे. वाट साधारण पंधरा अंशांहून उभी झाली की त्याच वेगाने वर जायला पळण्यापेक्षा चालण्यात कमी ऊर्जा जाते, हे ट्रेडमिल तिरकं करून केलेल्या प्रयोगांत दिसलेलं आहे. सिंहगडाच्या पायवाटेवरचे किंवा राजगडाच्या चोर दरवाज्याजवळचे शेवटचे टप्पे आठवा. तिथे ‘पळतोय’ असं दाखवणारा माणूस नुसताच उड्या मारत असतो. अशा चढावर अव्वल धावपटूही कमरेत वाकतात, तळहात गुडघ्यांच्या वर मांडीवर टेकवतात आणि प्रत्येक पावलागणिक मांडी खाली दाबत चढतात. चिखलात याचा दुहेरी फायदा होतो. पाऊल सपाट पडतं आणि वजन सरळ खाली जातं. चवड्यावर जोर देऊन मागे रेटा मारलात की चिखल तेवढाच मागे सरकतो आणि तुम्ही आहात तिथेच राहता.

आता उतार. सपाटीवर पळताना मांडीचे पुढचे स्नायू आखडून शरीर पुढे ढकलतात. उतारावर त्यांना उलटं काम पडतं. ताणले जात असतानाच ताकद लावून त्यांना शरीराचा वेग आवरावा लागतो. दम या कामात फारसा लागत नाही. सौम्य उतारावर तर पळणं सगळ्यांत स्वस्त पडतं. इटालियन शास्त्रज्ञ अल्बर्टो मिनेटी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मोजलं तेव्हा पळण्याचा सगळ्यांत कमी खर्च शंभर मीटरला साधारण वीस मीटर उतरणाऱ्या वाटेवर निघाला. त्याहून तीव्र उतारावर खर्च पुन्हा वाढतो, कारण सगळी शक्ती ब्रेक लावण्यात जाते. पण फुप्फुसांना स्वस्त पडलेल्या उताराची किंमत स्नायू चुकवतात. ताणलेल्या अवस्थेत भार घेताना त्यांचे तंतू सूक्ष्म पातळीवर फाटतात. वर पोचल्यावर नाडी जागेवर येते, ‘आता काय, उतरायचंच आहे’ असं वाटतं आणि मांडीची खरी नासधूस तिथून सुरू होते.

चिखल असला की यात घसरण मिसळते. घसरण्याच्या भीतीने माणूस मागे रेलतो, आणि नेमकं तेच घातक. मागे रेललं की टाच शरीराच्या पुढे जाऊन पडते, वजन तिच्या मागे राहतं, टाच सुटते आणि माणूस बसतो. पँटवरचे लाल शिक्के उमटतात ते असे. उपाय कळायला सोपा, अंगवळणी पडायला कठीण: उताराच्या बाजूला किंचित झुकायचं, पाऊल शरीराच्या खालीच पडू द्यायचं, पावलं आखूड आणि भराभर टाकायची, हात पंखांसारखे बाजूला पसरायचे आणि नजर बुटावर न ठेवता तीन-चार मीटर पुढे ठेवायची. पाऊल घसरणारच, हे गृहीत धरायचं. पाय जमिनीवर जितका कमी वेळ, तितकी घसरण छोटी; आणि एक पाऊल सरकून पडायला होईपर्यंत दुसरं टेकलेलं असतं. ब्रेक लावत उतरणारा दमतो आणि पडतो. ब्रेक सोडून उतरणारा कमी पडतो, पण पडला तर जोरात पडतो. यातलं काय निवडायचं ते गुडघ्यांचं वय पाहून ज्याने त्याने ठरवावं.

ही कला सगळ्यांत जास्त घोटली ती इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या लोकांनी. तिथल्या बोडक्या टेकड्यांना ‘फेल’ म्हणतात, म्हणून तिथली डोंगरी शर्यत ती ‘फेल रेस’. ग्रासमिअर गावच्या क्रीडामेळ्यात वाटाड्यांची शर्यत १८६८ पासून होत आली आहे: समोरच्या कड्यावर चढायचं, वरच्या निशाणाला वळसा घालायचा आणि लोकांच्या डोळ्यांदेखत गवत, दगड, ओल तुडवत खाली यायचं. केझिकमध्ये गेस्ट हाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहमने जून १९३२ मध्ये चोवीस तासांच्या आत ४२ शिखरं पालथी घातली. ही फेरी सुमारे ६६ मैलांची, चढ जवळपास २७ हजार फुटांचा. बिली ब्लँडने १९८२ मध्ये ती १३ तास ५३ मिनिटांत केली आणि हा विक्रम तब्बल ३६ वर्षं टिकला. २०१८ मध्ये स्पेनच्या किलियन जोर्नेटने तो मोडला. मला मात्र या मंडळींत जॉस नेलर सगळ्यांत जवळचा वाटतो. हा वॉसडेल खोऱ्यातला मेंढपाळ. १९७५ मध्ये त्याने चोवीस तासांत ७२ शिखरं केली आणि सत्तरी गाठल्यावर ७० शिखरं. त्याचा सराव म्हणजे मेंढ्यांमागे धावणं. आपल्याकडच्या धनगराला किंवा मावळातल्या गुराख्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

तिथली ओल वेगळी, आपली वेगळी. तिकडे पीट असतं: हजारो वर्षं पूर्ण न कुजता साचलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर. सह्याद्रीत चिखलाच्या जाती अनेक आहेत आणि त्या ओळखणं हे निम्मं कसब आहे. त्या एका दमात बघायच्या असतील तर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर जावं. १६६० च्या जुलैतल्या त्या रात्रीची आठवण म्हणून दरवर्षी शेकडो लोक हे पन्नासेक किलोमीटर चालतात. (त्या रात्री या वाटेने पालखी खांद्यावर घेऊन धावणाऱ्यांच्या उताराचा विचार माझ्या मनात दर वेळी येतो. आपण पाण्याच्या बाटलीचं वजन मोजतो.) मसाईच्या पठारावर जांभा आहे. सततच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोहाची, ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, त्यातून हा लाल सच्छिद्र दगड झाला. त्यावरची माती पातळ. खालचा दगड खरखरीत असल्याने पठारावरची पकड वाटते त्यापेक्षा चांगली असते. पठार उतरून झाडीत शिरलं की तांबड्या चिकणमातीच्या पायवाटा लागतात. वर साबणासारखा पातळ थर, खाली घट्ट जमीन. खरी घसरगुंडी इथे. त्यापुढे वाड्यावस्त्यांजवळ भाताची खाचरं. लावणीआधी शेतकरी मुद्दाम चिखलणी करतो. त्यात मातीचे कण मोडतात, खाली पाणी न झिरपणारा कठीण थर तयार होतो आणि वर मऊ गाळ राहतो. पाय नडगीपर्यंत जातो, पण तळ लागतो. घसरण कमी, ओढाताण जास्त.

पूर्वेकडे देशावर उतराल तशी काळी माती सुरू होते आणि तिची तऱ्हाच निराळी. बेसॉल्टची झीज होऊन झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, ते फुगतं आणि माती चिकट होते. ती निसटू देत नाही, उलट सोबत येते. दहा पावलांत प्रत्येक बुटाला ढेकूळ चिकटतं. बुटाचं वजन शंभर ग्रॅमने वाढलं की पळण्याची ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते, हे मोजून झालेलं आहे. पायाला पाव-अर्धा किलो काळी माती घेऊन पळणाऱ्याने पुढचा हिशेब आपला आपण करावा.

यावर बुटांचा उपाय आहे, पण अर्धाच. ट्रेलच्या बुटाच्या तळाला रबरी दात असतात, त्यांना ‘लग’ म्हणतात. कोरड्या वाटेला चार मिलिमीटरचे पुरतात. चिखलाला सहा ते आठ मिलिमीटरचे लागतात आणि तेही विरळ, म्हणजे मधली माती पाय उचलताच झडते. दाट दातांत माती अडकली की तळ सपाट होतो आणि मग महागडा बूट नि गुळगुळीत चप्पल यांत फरक उरत नाही. पण हेच उंच, विरळ दात ओल्या कातळावर वैरी होतात, कारण दगडाला टेकणारं रबर कमी पडतं. तिथे रबर मऊ आणि टेकणारा भाग मोठा हवा. चिखल आणि कातळ दोन्हींवर राज्य करणारा बूट अजून झालेला नाही. आणि काळ्या चकचकीत शेवाळलेल्या कातळावर कुठलाच बूट चालत नाही. तिथे मुकाट्याने चालावं, प्रसंगी बसून उतरावं. वाटाड्या गाववाला अनवाणी किंवा प्लॅस्टिकच्या बुटांत तिथून सहज जातो. ती करामत बोटं पसरून कातळ धरणाऱ्या, जन्मभर बुटांत न कोंबलेल्या पायांची आहे. शहरातल्या माणसाने तिची नक्कल करू नये.

‘वॉटरप्रूफ’ बुटांच्या नादालाही लागू नका. ओढ्यात पाणी वरून आत शिरतं आणि मग आतच राहतं. जाळीदार बूट ओला होतो, पण चार पावलांत पाणी फेकून देतो. सुती मोज्यांऐवजी लोकरी किंवा सिंथेटिक मोजे, बोटांना आणि टाचेला व्हॅसलिन, नाडीला दुहेरी गाठ आणि उरलेली टोकं आत खोचलेली. भिजून पांढरी, सुरकुतलेली त्वचा चटकन सोलते. बाराव्या किलोमीटरला बुटात गेलेला एक खडा तिथेच थांबून काढावा. त्यात गेलेलं मिनिट पुढे भरून निघतं.

थंडीचा विषय काढला की आपल्याकडे लोक हसतात. महाराष्ट्रात कसली थंडी? पण घाटमाथ्यावर धुकं, वारा आणि अंगाला चिकटलेला ओला टी-शर्ट एकत्र आले आणि दमलेला माणूस पळायचा थांबून चालू लागला, की शरीर उष्णता निर्माण करतं त्याहून वेगाने गमावतं. चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक पाऊस, गारा आणि वादळी वारा आला. १७२ स्पर्धकांपैकी २१ जण दगावले आणि त्यांत चीनमधले नामांकित अल्ट्रा धावपटू होते. सहा जण वाचले ते एका मेंढपाळाने त्यांना जवळच्या गुहेत आसरा दिला म्हणून. वाऱ्या-पावसाचं जॅकेट त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं. इंग्लंडमधल्या मोठ्या फेल शर्यतींत जॅकेट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि थोडं जास्तीचं खाणं नसेल तर सुरुवातीच्या रेषेवरूनच परत पाठवतात. आपल्या आयोजकांनीही सामानाची यादी नुसती ई-मेलने न पाठवता पिशव्या उघडून तपासल्या पाहिजेत. बक्षिसाची पदकं थोडी हलकी झाली तरी चालतील.

गावकऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. पावसाळी शर्यती जुलै-ऑगस्टमध्ये होतात, म्हणजे नेमक्या लावणीच्या दिवसांत. वाटेवर डबकं दिसलं की धावपटू ते टाळून कडेने जातो. त्याच्यामागचा आणखी कडेने. शंभर माणसं गेली की पायवाट दुप्पट रुंद होते, आणि कडेला जर खाचराचा बांध असेल तर तो ढासळतो. ‘ओ दादा, बांधावरनं नका, मधनं जावा की!’ अशी हाक मारणारी बाई उगाच ओरडत नसते. तिचं अडवून धरलेलं पाणी त्या बांधामुळे टिकलेलं असतं. शिवाय डबक्याच्या मधूनच जाणं पळणाऱ्याच्याही फायद्याचं आहे. मध्ये जमीन सपाट असते, कडा तिरक्या असतात आणि घोटा मुरगळतो तो कडेवर. बूट पहिल्या दोन किलोमीटरमध्येच भिजलेले असतात, तेव्हा नंतर वाचवायला काही उरलेलं नसतं.

शर्यत संपल्यावर बूट नळाखाली धुवावेत, आतली सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावेत. उन्हात ठेवले की चिकटवलेला तळ सुटतो. पायांचं दुखणं त्या दिवशी फार जाणवत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि जिना चढता येतो, उतरता येत नाही, कारण तेच ताणून ब्रेक लावणारे स्नायू पुन्हा कामाला लावावे लागतात. बुधवारी ऑफिसच्या जिन्यावर कठडा धरून उलटं, पाठमोरं उतरणारा कोणी दिसला तर तो रविवारी डोंगरात होता असं खुशाल समजावं. एकदा असं फाटून दुरुस्त झालेले स्नायू पुढचे काही आठवडे त्याच उताराला बरेच कमी दुखतात. म्हणून मोठ्या शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा मनापासून लांब उतार पळून घ्यावा. चढायला जमलं नाही तर गडावर एसटीने जावं, पण खाली पायी यावं.