दस्ता नवा, रायफल तीच

सकाळी ७
शटर वर करतो, आतल्या पोलादी कपाटाची दोन्ही कुलपं काढतो आणि रजिस्टर घेऊन एकेक हत्यार ताडून पाहतो. फौजेच्या ईएमई या तांत्रिक शाखेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो; आता साताऱ्यात परवानाधारक दुरुस्तीकार आहे. मोजदाद जुळल्याशिवाय पान्ह्याला हात लावायचा नाही, ही तेव्हाची सवय.

आज बाकावर .३१५ बोअरची, इच्छापूरच्या कारखान्यात झालेली रायफल आहे. मालक होते एक सुभेदार. ते गेल्यावर परवाना मुलीच्या नावावर झाला. तिची उंची पाच फूट, हात आखूड. दस्ता लांब पडतो, खांदा काळानिळा होतो. तिला वडिलांचीच रायफल हवी आहे, पण स्वतःच्या मापाची.

सकाळी ८
बोल्ट काढून नळीतून उजेड पाहिला. रिकामी. चार बाय दोनची चिंदी फिरवली, आटे स्वच्छ आहेत.

या रायफलीचं कूळ फौजी. ली-एनफिल्ड ब्रिटिश सैन्यात आली १८९५ साली. फौजेचं .३०३ काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी त्यावर निर्बंध घातले. मग शिकारीसाठी ऑस्ट्रियन फौजेच्या ८ मिलिमीटर काडतुसाच्या धर्तीवरचा .३१५ बोअर इथे रुजला. काडतूस बदललं, यंत्रणा तीच राहिली.

सकाळी ९
दस्ता सोडवण्याआधी पुढचं लाकूड उतरवतो. नवखा असताना एका .३०३ चा दस्ता मी थेट फिरवायला गेलो होतो. आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात बसवलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. बोल्ट फिरला आणि लाकूड तडकलं. तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून प्रत्येक रायफलीत क्रम एकच: पुढचं आधी, मागचं नंतर.

सकाळी १०
सुभेदारांचा दस्ता कापून आखूड करणं तासाभराचं काम. पण कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही. त्यांच्या गालाने गुळगुळीत झालेली जागा त्यावर आहे. तो कापडात गुंडाळून बाजूला ठेवला आणि अक्रोडाचा नवा ठोकळा घेतला.

माप बदलण्याची सोय मूळ रचनेतच आहे. दस्ता वेगळा, पुढचं लाकूड वेगळं. फौजेसाठी दस्ते वेगवेगळ्या लांबीचे बनत आणि जवानाच्या हाताप्रमाणे बसवले जात. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी माणसाचा विचार केला होता, तोच आज मला उपयोगी पडतो आहे.

दुपारी १
डबा खाताना तिचा फोन. "काका, दुर्बीणपण बसवाल का? क्लबात सगळ्यांना आहे."

"ताई, त्यासाठी बॉडीला भोकं पाडावी लागतील. या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, बाराचा जोर तिथलं पोलाद झेलतं. तिथे मी ड्रिल लावणार नाही."

ती क्षणभर गप्प झाली. "मग राहू द्या."

तिला नाही म्हणताना बरं वाटलं नाही. पण १९६२ च्या युद्धानंतर इच्छापूरने हीच जुनी रायफल ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी नव्याने घडवली, तेव्हा काय केलं ते मला ठाऊक आहे. जास्त दाब सोसेल असं पोलाद वापरलं, मॅगझिन १२ गोळ्यांचं केलं, नंतरच्या २ए१ या आवृत्तीत साइट ८०० मीटरपर्यंत आणली. बोल्टची मूळ रचना राखली. आधुनिक करणं म्हणजे कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हे ओळखणं. माझ्या या छोट्या कामालाही तोच नियम.

दुपारी ३
नवा दस्ता पाऊण इंच आखूड. टोकाला रबरी गादी, वर गालासाठी दोन स्क्रूंवर खालीवर होणारी पट्टी. सांध्यात काजळ लावून बसवतो, काढतो, काळं उठलं तिथे पटाशीने कागदाएवढी साल काढतो. असं अठरा वेळा. लाकूड आणि पोलाद सगळीकडून सारखं टेकलं पाहिजे, नाहीतर धक्का एकाच कोपऱ्यावर येतो आणि चीर पडते. शेवटी जवसाच्या तेलाचा पहिला हात, तळव्याने चोळून.

संध्याकाळी ५
ती आली. परवाना पाहिला, क्रमांक जुळवला. चेंबर आणि मॅगझिन रिकामं असल्याचं तिला स्वतः पाहायला लावलं.

"डोळे मिटा. भिंतीकडे तोंड करून खांद्याला लावा. गाल टेकवा. आता उघडा."

पहिल्यांदा नजर साइटच्या वर गेली. पट्टी थोडी खाली घेतली. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"काका, समोरची माशी बरोबर खाचेत आहे. मी काहीच हलवलं नाही."

मान ताणलेली नव्हती, कोपर सैल होता. आता नेम तिचा होता, रायफलीशी झगडा नव्हता.

संध्याकाळी ७
तेलाचे आणखी हात बाकी आहेत, म्हणून रायफल आज इथेच. ती वडिलांचा दस्ता तेवढा घेऊन गेली. रजिस्टरमध्ये लिहिलं: दस्ता नवीन. बोअर, नळी, क्रमांक कायम. मग कपाटाला दोन्ही कुलपं लावली.