व्यवस्थेतील एक घटक बदलताना : मोटारसायकलच्या हेडचे उदाहरण

होटगी जंक्शनपासून विजापूरमार्गे गदगला जाणारा लोहमार्ग पूर्वी मीटरमापी होता. त्याचे रुंदमापीत रूपांतर या शतकाच्या पहिल्या दशकात पूर्ण झाले. १००० मिलिमीटरचे अंतर १६७६ मिलिमीटर करणे म्हणजे दोन रूळ परस्परांपासून दूर सरकविणे एवढेच नव्हे. स्लीपर, पूल, फलाट, वळणे या सर्वांचाच पुनर्विचार करावा लागतो. 'व्यवस्था' या संज्ञेचा हा जो अर्थ, तोच त्या परिसरातील रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारसायकलीच्या एंजिनात अधिक काटेकोरपणे पाहावयास मिळतो. प्रस्तुत लेखात त्याचे विवरण करावयाचे आहे.

मद्रास येथे १९५५ साली स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडिया कंपनीची जुनी बुलेट ३५० घेऊ. तिच्या सिलिंडरचा व्यास (बोअर) ७० मिलिमीटर व पिस्टनची धाव (स्ट्रोक) ९० मिलिमीटर. यावरून घनफळ ३४६ घन सेंटिमीटर येते. धाव तीच ठेवून व्यास ८४ केला की घनफळ ४९९ होते. व्यास १.२ पट, घनफळ मात्र १.४४ पट. अनेकांस वाटते की मोठा सिलिंडर व पिस्टन बसविले, त्यासाठी खालच्या क्रँककेसचे तोंड रुंद केले, की काम संपले. हा समज चुकीचा आहे.

सिलिंडरवरील झाकण म्हणजे हेड. त्यातील पोकळीत हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाऊन पेटते. मूळ संपीडन-गुणोत्तर ६.५ धरल्यास पिस्टन वरच्या टोकास असताना सुमारे ६३ घन सेंटिमीटर जागा उरते. हीच जागा ४९९ च्या सिलिंडरवर कायम राहिली, तर गुणोत्तर ५६२ भागिले ६३, म्हणजे जवळजवळ ८.९ होते. अशा वेळी मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटण्याचा संभव वाढतो आणि एंजिन ठोके देऊ लागते. कारागीर यास नॉकिंग म्हणतात. ते दीर्घकाळ चालू राहिल्यास पिस्टनचा माथा फुटू शकतो.

मूळ गुणोत्तर राखावयाचे तर सुमारे ९१ घन सेंटिमीटर जागा हवी. म्हणजे २८ ची भर. शिवाय जुन्या पोकळीचे तोंड ७० च्या व्यासाचे असल्यास ८४ च्या सिलिंडरवर सभोवार ७ मिलिमीटरचा सपाट काठ उरतो. तो कोरून काढता येतो; परंतु भिंत किती जाड उरेल हे आधी पाहिले पाहिजे. खोलगट माथ्याचा पिस्टन हा दुसरा उपाय. मोजमापासाठी हेड उलटे ठेवून, झडपा व स्पार्क प्लग बसवून, पोकळीवर भोक असलेली काच ठेवतात व ब्यूरेटने द्रव भरतात. किती द्रव मावला, ते पोकळीचे घनफळ होय.

यानंतर झडपा. मिश्रण १.४४ पट आत यावयाचे असेल, तर तोच वेग राखण्यासाठी झडपेचा व्यासही १.२ पट हवा. मात्र दोन्ही झडपा वाढविल्या की त्या परस्परांना किंवा पिस्टनला भिडू शकतात. म्हणून पिस्टनवर मऊ मातीचा थर देऊन एंजिन हाताने फिरवितात व दबलेल्या थराची जाडी मोजतात. मिश्रणाचा मार्ग वाजवीपेक्षा रुंद केल्यास मंद गतीत प्रवाहाचा वेग घटतो व एंजिनाची ओढ कमी होते. कारखान्यानेही ५०० च्या एंजिनास निराळे हेड दिले होते, ते याच कारणाने.

हा बदल कागदोपत्रीही एकाकी राहत नाही. घनफळ नोंदणीपत्रात लिहिलेले असते, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील फेरफारांवर निर्बंध घालते.

सोस्यूर यांनी भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली होती. एक मोहरे हलले की इतरांचेही मूल्य बदलते. मराठीच्या ज्या बोलींत 'ण' चा 'न' झाला, तेथे 'मण' व 'मन' यांतील भेद दाखविण्याचे काम संदर्भावर येऊन पडले. बोलीत ही तडजोड भाषकांच्या नकळत घडून येते. एंजिनात ती करणारा कारागीरच असतो, आणि त्याने ती केली नाही तर पिस्टन फुटतो. म्हणून बोलीतील एखाद्या ध्वनिबदलाची नोंद करताना, त्या बदलाचा भार व्यवस्थेतील कोणत्या घटकाने उचलला हेही अभ्यासकाने नोंदवावयास हवे.