ठावठिकाण्याची नोंदवही

मोबाइल फोन खिशात नुसता पडून असला तरी तो कुठे आहे हे सेवा देणाऱ्या कंपनीला ठाऊक असावेच लागते, आणि ही गरज कोणाच्या दुष्ट हेतूतून नव्हे, तर त्या तंत्राच्या मूळ रचनेतून निर्माण झालेली आहे. तारेच्या फोनचा पत्ता ठरलेला असे. फिरत्या फोनसाठी आलेला कॉल कोणत्या टॉवरकडे वळवायचा हे आधी माहीत नसेल, तर तो देशभरातल्या सगळ्या टॉवरांवरून पुकारावा लागेल. म्हणून मोबाइलचे जाळे लहान लहान भागांत विभागलेले असते. एका अँटेनाने व्यापलेल्या भागाला सेल म्हणतात, आणि अशा अनेक सेल मिळून एक नोंदणी-क्षेत्र होते. फोन एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात शिरला की मालकाच्या नकळत नव्या ठिकाणी हजेरी लावतो, आणि जागचा हलला नाही तरी ठरावीक वेळाने ती पुन्हा लावत राहतो.

या हजेरीतून जागा किती नेमकी कळते, हे वस्तीवर अवलंबून असते. खेड्यापाड्यांत एक सेल कित्येक किलोमीटर पसरलेली असते, तर मुंबई-पुण्यासारख्या दाट वस्तीत ती काही शे मीटरांत आटोपते. टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड केलेल्या अँटेना असल्यामुळे फोन कोणत्या बाजूला आहे हे कळते, आणि रेडिओ लहरीला जाण्यायेण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतराचाही अंदाज बांधता येतो. जुन्या जीएसएम पद्धतीत हे अंतर सुमारे 550 मीटरांच्या टप्प्यांनी मोजले जाई, तर 4जीमध्ये तो टप्पा सुमारे 78 मीटरांवर आला आहे. फोनमधली उपग्रहाधारित जीपीएस यंत्रणा बंद केली तरी यांतले काहीही थांबत नाही.

कॉल झाला, संदेश गेला किंवा इंटरनेट वापरले गेले की त्याची नोंद कंपनीच्या संगणकात कायम होते. तिला कॉल डिटेल रेकॉर्ड, पोलिसांच्या आणि वकिलांच्या रोजच्या बोलण्यात सीडीआर, म्हणतात. त्यात दोन्ही क्रमांक, वेळ, कालावधी, हँडसेटचा 15 आकडी ओळख-क्रमांक म्हणजे आयएमईआय, आणि ज्या सेलमधून संपर्क झाला तिचा क्रमांक असतो. केंद्राच्या दूरसंचार विभागाने डिसेंबर 2021 मध्ये परवान्याच्या अटी बदलून या नोंदी जपण्याची किमान मुदत एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. शंभर कोटींहून अधिक मोबाइल जोडण्या असलेल्या या देशात, कशाचाही संशय नसलेल्या माणसांच्या दोन वर्षांच्या हालचालींचा आराखडा त्यामुळे सदैव तयार असतो.

अशा नोंदीत बोललेला एक शब्दही नसतो, आणि म्हणूनच ती निरुपद्रवी आहे असे अनेकांना वाटते. हा समज चुकीचा आहे. संशोधक इव्ह-अलेक्झांडर द माँजॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे 15 लाख लोकांच्या 15 महिन्यांच्या मोबाइल-नोंदी नावे काढून तपासल्या, तेव्हा दिवसाची वेळ आणि टॉवर अशा केवळ चार जोड्या माहीत असल्या तर 95 टक्के माणसे त्या गर्दीतून वेगळी ओळखता येतात असे आढळले. रात्रीची सेल घर सांगते, दुपारची कचेरी सांगते, आणि या दोन ठिकाणांची नेमकी तीच जोडी फार थोड्या माणसांची असते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाजवळच्या सेलमध्ये दर तिसऱ्या आठवड्याला सकाळभर राहणारा फोन आपल्या मालकाबद्दल जे सांगतो, ते त्याने कदाचित सख्ख्या भावालाही सांगितलेले नसते. कामगार संघटनेच्या बैठकीला कोण जाते, कोणता सरकारी अधिकारी कोणत्या पत्रकाराला कुठे भेटतो, कोणाची रात्र कोणाच्या घरी जाते, हे सारे एकही शब्द न ऐकता कळते; शिवाय बोलणे ऐकायला माणूस बसवावा लागतो, तर या नोंदी संगणक लाखोंनी चाळू शकतो.

या ठिकाणी भारतीय न्यायालयांपुढे आलेला एक जुना खटला आठवणे अगत्याचे आहे. उत्तर प्रदेशातील खडक सिंग यांच्यावर दरोड्याचा आरोप झाला होता आणि पुराव्याअभावी ते सुटले होते; तरीही पोलिसांनी त्यांची हिस्ट्रीशीट उघडली आणि पोलीस नियमावलीच्या आधारे चौकीदारांकरवी घरावर पाळत ठेवणे, रात्री-अपरात्री दार ठोठावणे, ते गावाबाहेर कुठे जातात याची खबर ठेवणे असे प्रकार चालवले. सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या, परंतु हालचालींची नोंद ठेवल्याने कोणताही मूलभूत हक्क बाधित होत नाही असे बहुमताने ठरवले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे होते: ज्याच्या प्रत्येक पावलावर नजर आहे तो मोकळा फिरत असला तरी स्वतंत्र नसतो, असे त्यांच्या भिन्न निकालपत्राचे सार आहे. एका माणसावर अशी पाळत ठेवायची तर तेव्हा चौकीदार लागत, शिपाई लागत, रात्रीच्या फेऱ्या लागत. हा खर्च हाच नागरिकाचा अलिखित बचाव होता, कारण सरकारला सगळ्यांवर पाळत ठेवणे परवडतच नसे. मोबाइलच्या जाळ्याने हा खर्च जवळजवळ शून्यावर आणला, पण त्याची जागा घेईल असा लिखित बचाव कायद्याने अजून उभा केलेला नाही.

संभाषण ऐकण्याबाबत काही बंधने आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’च्या याचिकेवर फोन टॅपिंगसाठी गृहसचिवाचा आदेश आणि नंतर समितीकडून फेरतपासणी अशी चौकट घालून दिली, आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि खडक सिंग निकालातले या हक्काविरुद्धचे बहुमताचे मत पुसून टाकले. याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. तरीही या व्यवस्थेत आदेश देणारे आणि तो तपासणारे दोघेही सरकारी अधिकारीच असतात. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने 2018 च्या अहवालात नमूद केले की केंद्रीय फेरतपासणी समिती दोन महिन्यांतून एकदा भरते आणि प्रत्येक बैठकीत तिच्यापुढे 15 ते 18 हजार आदेश असतात. बैठक सलग आठ तास चालली असे धरले तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत.

ठावठिकाण्याच्या नोंदींना एवढेही संरक्षण नाही. त्या सामान्यतः पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या लेखी मागणीवर मिळतात, गृहसचिवाच्या आदेशाची गरज पडत नाही. नोव्हेंबर 2024 च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांनी तर संदेशांचा मजकूर वगळून बाकीची माहिती मागवण्याचा अधिकार केंद्राला वेगळा दिला आहे. मजकूर तेवढा मौल्यवान आणि बाकीचे फुटकळ, ही तारेच्या काळातली समजूत नव्या नियमांतही जशीच्या तशी राहिली आहे. साठा असला की त्याला वाटा फुटतात. 2018 साली ठाणे पोलिसांनीच लोकांचे सीडीआर बेकायदा विकणारी टोळी उघडकीस आणून खासगी गुप्तहेरांना अटक केली होती.

गुन्हे उकलण्यात आणि हरवलेली माणसे शोधण्यात या नोंदींचा उपयोग खरा आहे, पण त्या वाटतात तेवढ्या निर्णायक नसतात. फोन नेहमी सर्वांत जवळच्या टॉवरलाच जोडलेला असतो असे नाही. गर्दी, उंच इमारती किंवा पाणी यांमुळे तो दूरच्या टॉवरकडे वळतो. डेन्मार्कमध्ये 2019 साली मोबाइल-नोंदींचे रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडल्यावर दहा हजारांहून अधिक खटले पुन्हा तपासायला घ्यावे लागले आणि या पुराव्याचा वापर काही काळ थांबवण्यात आला.

खासगीपणा आणि तंत्रज्ञान यांचे हाडवैर आहे असेही नाही. हवेतून जाणारे संकेत ऐकून कोणी ग्राहकाचा माग काढू नये म्हणून जीएसएममध्येच सिमच्या खऱ्या ओळख-क्रमांकाऐवजी तात्पुरता क्रमांक वापरण्याची सोय होती. पण तिथे टॉवर फोनची ओळख तपासत असे, फोन टॉवरची तपासत नसे. ही फट धरून खोटा टॉवर उभारण्याची आणि परिसरातल्या सगळ्या सिमचे क्रमांक गोळा करण्याची उपकरणे निघाली. 3जीने दोन्ही बाजूंची तपासणी आणली आणि 5जीमध्ये सिमचा क्रमांक हवेत जाण्याआधीच कूटबद्ध करता येतो. अभियंत्यांनी चोरट्या पाळतीविरुद्ध इतके केले. मात्र कंपनीच्या दप्तरात जे साठते त्याचा बंदोबस्त अभियंता करू शकत नाही, तो संसदेने करायचा असतो.

हे अशक्य नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2018 मध्ये कारपेंटर खटल्यात, एका आरोपीच्या 127 दिवसांच्या 12,898 स्थान-नोंदी पोलिसांनी न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय घेतल्या हे घटनाबाह्य ठरवले. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या निकालपत्राद्वारे, जामिनावर सुटलेल्या आरोपीने गुगल मॅपवरचे आपले स्थान सतत तपास अधिकाऱ्याला दाखवावे ही अट रद्द केली. आरोपीला मिळालेले हे संरक्षण ज्याच्यावर कसलाच आरोप नाही अशा नागरिकाला नाकारण्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. ठावठिकाण्याच्या नोंदी न्यायाधीशाच्या लेखी परवानगीनेच मिळाव्यात, तपास संपल्यावर संबंधिताला तसे कळवले जावे आणि जपणुकीची मुदत दोन वर्षांवरून काही महिन्यांवर यावी, एवढा बदल 2023 च्या दूरसंचार कायद्यात करणे संसदेच्या हाती आहे, आणि तो मागणे मतदारांच्या.