शेअर बुडाले, पोथ्या राहिल्या



शेअर हा शब्द आपल्या घराघरांत रुळला आहे. पण शेअरच्याच पायी एका थोर माणसाची कमाई कशी गेली आणि तरी मागे केवढी पुंजी उरली, ती हकिकत आम्ही या अंकात देत आहोत. हा माणूस म्हणजे मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड.

मूळ गाव गोव्यातलं मांद्रे. पोरगा बुद्धिबळात तरबेज. ते पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना गळ घातली, की याला इंग्रजी शिकवा. पुढे १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत भाऊ होते. डॉक्टरकी जोरात चालली; पण भाऊ आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालवला.

पैसा आला, तो तिजोरीत बसला नाही. मुलींच्या शाळांना भाऊंचा आधार मिळाला. राणीच्या बागेतलं वस्तुसंग्रहालय १८७२ साली उघडलं, त्यासाठीही ते झटले. उरलेलं जायचं पोथ्या, नाणी, ताम्रपट यांच्यात. जुनी पोथी कुठे आहे असं कळलं, की माणूस पाठवायचे. मिळाली तर ठीक, नाहीतर नक्कल तरी आणायचे.

याचं फळ काय? आर्यभट नावाच्या ज्योतिष्याच्या ग्रंथांविषयी तेव्हा विद्वानांत मोठा घोळ होता. भाऊंनी १८६४ साली केरळातून पोथ्या मिळवल्या आणि पुढच्याच वर्षी निबंध लिहून खरा ग्रंथ कोणता ते दाखवून दिलं. इसवी सन ४७६ मध्ये जन्मलेला आपला गणिती असा पुन्हा उजेडात आला.

आणि त्याच १८६५ साली घात झाला. अमेरिकेत १८६१ पासून यादवी चालू होती. तिथला कापूस अडला, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत रोज नवी कंपनी निघे, लोक डोळे झाकून शेअर घेत. लढाई थांबली, कापूस कोसळला, आणि भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. भाऊंचीही मिळकत गेली.

दुसरा असता तर पोथ्यांचा नाद सोडता. भाऊंनी नाही सोडला. १८७१ साली ते दुसऱ्यांदा मुंबईचे शेरीफ झाले. जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी त्याच सुमारास भाऊंच्या सांगण्यावरून शिलालेख टिपत उत्तर हिंदुस्थान आणि नेपाळात फिरत होते. ते परत येण्याआधीच, मे १८७४ मध्ये, भाऊंनी देह ठेवला.

त्या कंपन्यांचे कागद आज कोण विचारतो? पोथ्या मात्र मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत भाऊंच्या नावाने जपून ठेवल्या आहेत. राणीच्या बागेतल्या संग्रहालयालाही १९७५ साली त्यांचंच नाव दिलं गेलं.

मंडळी, आपल्याही माळ्यावर, जुन्या पेटीत आजोबांच्या पोथ्या असतील, मोडीतले कागद असतील. कोणी रद्दीत घालतो, कोणी नदीला सोडतो. आमचं एवढंच मागणं, की तसं करण्याआधी ते एखाद्या जाणत्याला दाखवा. त्यात काय दडलंय, कुणी सांगावं!