पेशी-आसंजन ग्राहींशी बांधली जाणारी पेप्टाइडे

पेशींच्या पृष्ठभागावरील आसंजन ग्राहींशी, विशेषतः इंटेग्रिन या प्रथिनांशी, नेमकेपणाने जोडल्या जाणाऱ्या अमिनो आम्लांच्या लहान साखळ्यांना पेशी-आसंजन ग्राहींशी बांधली जाणारी पेप्टाइडे असे म्हणतात. महाराष्ट्रात आढळणाऱ्या फुरसे या विषारी सापाच्या विषातील इकिस्टॅटिन हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

प्राण्यांच्या पेशी परस्परांना व भोवतालच्या आधारद्रव्याला चिकटून राहतात. इंटेग्रिन हे या चिकटण्याचे एक प्रमुख साधन असून मानवी शरीरात त्याचे २४ प्रकार आहेत. मायकेल पियर्शबाकर व एर्की रुओस्लाहटी यांनी फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचे क्रमाक्रमाने लहान तुकडे तपासले. आर्जिनिन, ग्लायसिन व अ‍ॅस्पार्टिक आम्ल हा तीन घटकांचा क्रम पेशी चिकटण्यास आवश्यक असल्याचे त्यांनी १९८४ मध्ये दाखवले. हा क्रम 'आरजीडी' या नावाने ओळखला जातो.

शोधाची पद्धत

जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या फाज डिस्प्ले तंत्रात जिवाणुभक्षी विषाणूंच्या आवरणावर निरनिराळी पेप्टाइडे प्रकट केली जातात. असे कोट्यवधी विषाणू ग्राहीच्या संपर्कात आणून न चिकटलेले धुऊन काढतात. उरलेले विषाणू जिवाणूंमध्ये वाढवून हीच निवड पुन्हा पुन्हा करतात. अखेरीस विषाणूच्या डीएनएवरून पेप्टाइडाचा क्रम वाचता येतो. या तंत्रासाठी स्मिथ हे २०१८ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले.

सर्पविष आणि औषधे

रक्त गोठताना प्लेटलेटवरील इंटेग्रिन फायब्रिनोजेनला धरते व प्लेटलेट एकमेकींना जोडल्या जातात. इकिस्टॅटिनमध्ये ४९ अमिनो आम्ले असून त्यातील आरजीडी क्रम हीच जागा अडवतो. फुरशाच्या दंशातील रक्तस्रावाचे मुख्य कारण मात्र रक्त गोठवणारे घटक खर्ची पाडणारी विषातील विकरे हे आहे. त्यावर प्रतिविष हाच उपचार आहे. मुंबईच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळात प्रतिविष तयार होते.

आरजीडीच्या रचनेवरून टिरोफिबान हे पेप्टाइड नसलेले औषध, तर अमेरिकेतील एका लहान खुळखुळ्या सापाच्या विषावरून एप्टिफिबाटाइड हे चक्रीय पेप्टाइड तयार झाले. दोन्हींना अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. हृदयाच्या धमनीत गुठळी होण्याचा धोका असलेल्या रुग्णांना ती शिरेवाटे देतात. रक्तस्राव हा त्यांचा प्रमुख दुष्परिणाम आहे.

मर्यादा

साखळीसारखी पेप्टाइडे शरीरातील विकरांमुळे लवकर तुटतात. त्यांना चक्रीय रूप दिल्यास ती अधिक टिकतात आणि त्यांचा आकारही ग्राहीला अधिक घट्ट जुळतो. आरजीडी क्रम अनेक इंटेग्रिन ओळखतात, त्यामुळे नेमका एकच ग्राही गाठणे कठीण जाते. शिवाय ग्राहीशी घट्ट जोडले जाणारे प्रत्येक पेप्टाइड औषध ठरतेच असे नाही. सिलेंजिटाइड हे चक्रीय पेप्टाइड ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावरील प्रचलित उपचारांसोबत देऊन पाहिले गेले, परंतु मोठ्या चाचणीत रुग्णांचे आयुर्मान त्यामुळे वाढले नाही.