आश्रयासाठी विनापरवाना सीमाप्रवेश

आश्रयासाठी विनापरवाना सीमाप्रवेश म्हणजे छळापासून बचावासाठी पासपोर्ट, व्हिसा किंवा परवानगीविना परदेशात शिरून तेथील शासनाकडे आश्रय मागणे होय. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार प्रवेशाची रीत आणि आश्रयाची मागणी हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. प्रवेश नियमबाह्य असला, तरी केवळ त्या कारणाने मागणी बेकायदेशीर ठरत नाही.

पार्श्वभूमी

ज्या राजवटीपासून पळायचे, तिच्याकडूनच प्रवासाची कागदपत्रे मिळवणे निर्वासितांना बहुधा अशक्य असते. ऑगस्ट १९३८ मध्ये स्वित्झर्लंडने व्हिसा नसलेल्या निर्वासितांना सीमा बंद केली. तरीही सेंट गालन प्रांताचे पोलीस अधिकारी पाउल ग्रुनिंगर यांनी ऑस्ट्रियातून आलेल्या शेकडो ज्यूंना आत घेतले आणि त्यासाठी कागदपत्रांवर आधीच्या तारखा घातल्या. १९३९ मध्ये ते बडतर्फ झाले व १९४० मध्ये दोषी ठरले. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले ते १९९५ मध्ये.

तरतुदी

मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या (१९४८) कलम १४ मध्ये छळापासून बचावासाठी अन्य देशांत आश्रय मागण्याचा हक्क नमूद आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराच्या कलम ३१ नुसार बेकायदेशीर प्रवेशाबद्दल निर्वासितास शिक्षा करता येत नाही. मात्र तो धोक्याच्या प्रदेशातून थेट आलेला असावा, त्याने विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर व्हावे आणि प्रवेशाचे सबळ कारण द्यावे, अशा अटी आहेत. कलम ३३ नुसार जीवित वा स्वातंत्र्य धोक्यात येईल तेथे निर्वासितास परत धाडता येत नाही. देशाच्या सुरक्षेस धोका असणाऱ्यांचा याला अपवाद आहे.

विविध देशांतील स्थिती

‘थेट’ या शब्दाच्या अर्थावरून वाद झाले आहेत. वाटेतील देशात अल्पकाळ थांबल्याने कलम ३१ चे संरक्षण संपत नाही, असा निर्णय इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. अमेरिकेच्या कायद्यात अधिकृत नाक्याबाहेरून आलेल्यासही आश्रयासाठी अर्ज करण्याची मुभा आहे. परंतु असा प्रवेश हा तेथे दंडनीय गुन्हाही आहे.

भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र सर्वंकष कायदा नाही. तथापि, राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील चकमांविषयीच्या खटल्यात (१९९६) स्पष्ट केले.